विंडोज १० ‘संपलं’ म्हणजे नेमकं काय झालं?

“अगं, कॉम्प्युटर सुरू केला तर पडदाभर इंग्रजी निरोप आला. याचे दिवस भरले म्हणतोय.” साताऱ्याहून मावशीचा फोन होता. २०१६ मध्ये ती शाळेतून निवृत्त झाली, तेव्हा आम्ही भाचरांनी मिळून तिला हा कॉम्प्युटर घेऊन दिला होता. त्यावर ती वाचनालयाच्या अंकासाठी लेख टाइप करते, वीजबिल भरते आणि रविवारी नातवाशी व्हिडिओवर बोलते. निरोप पाहून ती दुरुस्तीवाल्याकडे गेली, तर त्याने यंत्र न उघडताच सांगून टाकलं, “मावशी, हे आता भंगार. नवीन घ्या.”

मला त्या उत्तराचा राग आला. यंत्र धडधाकट होतं. संपली होती ती एका कंपनीची सेवा. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे कोणी नीट सांगत नाही, म्हणून माणसं एक तर घाबरून चाळीस-पन्नास हजार खर्च करतात, नाही तर “काही होत नाही” म्हणत तसंच चालू ठेवतात. दोन्हींत नुकसान आहे.

दिवस भरले ते कोणाचे?

लग्नघरात आचारी, भटजी, मांडववाला, बँडवाला असे सगळे असतात, पण यांतला कोणीही थेट कोठीत शिरून सामान उचलत नाही. सगळे एका कारभारी मामाला विचारतात. तूप किती द्यायचं, खुर्च्या कुठे लावायच्या, कोणाला आत सोडायचं, हे तो ठरवतो. कॉम्प्युटरमध्ये हा मामा म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम. टायपिंगचा प्रोग्राम असो की इंटरनेट पाहायचा ब्राउझर, कोणालाच पडदा, कळफलक, साठवण यांना परस्पर हात लावता येत नाही. प्रत्येकाला सिस्टिमकडे मागणी करावी लागते. विंडोज ही अशीच एक सिस्टिम. मॅकओएस दुसरी, लिनक्स तिसरी.

विंडोज १० बाजारात आलं २९ जुलै २०१५ रोजी. १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने त्याची नेहमीची सेवा थांबवली. त्या दिवसानंतरही कॉम्प्युटर सुरू होतो, फाइली उघडतात, छपाई होते. कारभारी मामा कामावर आहेच. फक्त त्याला नव्या भामट्यांची खबर देणारं आता कोणी राहिलेलं नाही.

थांबलं ते ठिगळ लावणं

विंडोजसारखी सिस्टिम काही कोटी ओळींची असते आणि माणसांनी लिहिलेली असते, त्यामुळे तिच्यात चुका राहतातच. काही चुका अशा असतात की बाहेरच्या माणसाला त्यातून आत शिरता येतं. अशी फट सापडली की कंपनी तेवढ्यापुरती दुरुस्ती पाठवते. तिला पॅच म्हणतात, म्हणजे चक्क ठिगळ. मायक्रोसॉफ्ट ही ठिगळं दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी पाठवते. १४ ऑक्टोबरही दुसरा मंगळवारच होता.

आता प्रश्न असा की फट तर आधीपासूनच होती. मग ठिगळ थांबल्यावर धोका का वाढावा? याचं उत्तर पटकन लक्षात येत नाही, पण सगळा मुद्दा तिथेच आहे.

दुरुस्तीच चोराला पत्ता सांगते

एकाच बिल्डरने एकाच आराखड्यावर दोन इमारती बांधल्या. नव्या इमारतीत एके दिवशी गवंडी आला आणि त्याने मागच्या जिन्याखालचं भगदाड बुजवलं. रस्त्यावरून पाहणाऱ्याला लगेच कळलं की जुन्या इमारतीतही त्याच जागी भगदाड असणार, आणि तिथे गवंडी येणार नाही.

विंडोज १० आणि ११ मध्ये बराच भाग सामाईक आहे. ११ साठी पॅच आला की त्याच्या आधीची आणि नंतरची प्रत शेजारी ठेवून नेमकं काय बदललं ते जाणकार शोधून काढतात. त्यांत सज्जन असतात तसे दुर्जनही. बदललेली जागा म्हणजे दुखरी जागा. त्यामुळे सेवा थांबलेली सिस्टिम पहिल्या दिवशी फारशी धोक्यात नसते. दर महिन्याच्या मंगळवारी तिच्या उघड्या फटींची यादी वाढत जाते.

हे घडलेलंही आहे. मार्च २०१७ मध्ये मायक्रोसॉफ्टने एका फटीवर पॅच दिला. दोन महिन्यांनी, १२ मे रोजी, त्याच फटीतून ‘वॉनाक्राय’ हा खंडणीखोर प्रोग्राम सुमारे १५० देशांत पसरला. फाइलींना कुलूप लावायचं आणि किल्लीसाठी पैसे मागायचे, ही त्याची रीत. ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेत १९ हजारांहून अधिक भेटी रद्द झाल्याचा अंदाज नंतर तिथल्या लेखापरीक्षकांनी मांडला. ज्यांचे कॉम्प्युटर सापडले त्यांतले बहुतेक विंडोज ७ वर होते. त्या वेळी विंडोज ७ ची सेवा चालू होती आणि पॅच फुकट मिळत होता. लोकांनी तो लावलाच नव्हता, म्हणून ते अडकले.

पुढच्याच महिन्यात, २७ जूनला, ‘नॉटपेट्या’ आला. या हल्ल्यात उरणजवळच्या जवाहरलाल नेहरू बंदरातल्या एका टर्मिनलचं काम विस्कळीत झालं. हल्ला झाला होता युक्रेनमध्ये. पण ते टर्मिनल चालवणाऱ्या डॅनिश समूहाचं संगणकजाळं जगभर एकमेकांना जोडलेलं होतं, आणि तीच जुनी फट इथेही कामी आली.

“माझ्याकडे चोरण्यासारखं आहे काय?”

मावशीनेही हेच विचारलं. मी तिला तिचाच कॉम्प्युटर दाखवला. ‘कागदपत्रं’ नावाच्या फोल्डरमध्ये आधार, पॅन, पेन्शनचे कागद आणि घराच्या उताऱ्याची स्कॅन प्रत होती. ब्राउझरमध्ये ई-मेल कायम उघडी. ज्याच्या हाती ई-मेल, त्याला बाकीच्या बहुतेक खात्यांचा पासवर्ड बदलून घेता येतो. शिवाय तिच्या यजमानांचे, म्हणजे आमच्या काकांचे, शेवटच्या वर्षांतले फोटो आणि आवाजाच्या फिती. त्यांची दुसरी प्रत कुठेच नव्हती. खंडणीखोराला त्या फोटोंशी काही देणंघेणं नसतं. मावशीला ते हवे आहेत, एवढं त्याला पुरतं.

म्हणून कॉम्प्युटरचं पुढे काय करायचं ते ठरण्याआधी पहिलं काम सगळ्यांना एकच. महत्त्वाच्या फाइलींची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्यायची आणि ती डिस्क काढून कपाटात ठेवायची. कायम जोडून ठेवली तर कुलूप तिलाही लागतं.

“अँटिव्हायरस आहे की”

असू द्या, उपयोगी आहे. विंडोज १० मधल्या डिफेंडर या मायक्रोसॉफ्टच्याच अँटिव्हायरसला नव्या विषाणूंची ओळख ऑक्टोबर २०२८ पर्यंत मिळत राहील असं मायक्रोसॉफ्टने सांगितलं आहे. पण अँटिव्हायरस हा मामाच्या हाताखालचा पहारेकरी. तो ओळखीचे चेहरे अडवतो. खुद्द मामालाच फसवून कोणी कोठीची किल्ली घेतली, तर पहारेकरी बहुतेक वेळा हतबल असतो. भिंतीतलं भगदाड बुजवणं हे त्याचं कामच नाही.

“अपडेटनेच तर कॉम्प्युटर बिघडतात”

ही तक्रार खोटी नाही, आणि ती करणाऱ्याला अडाणी ठरवणं मला पटत नाही. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटमुळे जगभरात सुमारे ८५ लाख विंडोज कॉम्प्युटर निळ्या पडद्यावर अडकले, आणि आपल्याकडच्या विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले. नॉटपेट्याची सुरुवात तर युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या प्रोग्रामच्या अपडेटमधूनच झाली होती.

तरीही तराजूच्या दुसऱ्या पारड्यात काय आहे ते पाहायला हवं. बिघडलेलं अपडेट दिसतं, त्याची बातमी होते, ते एक-दोन दिवसांत दुरुस्त होतं. न लावलेलं ठिगळ दिसतच नाही. अपडेट आलं की दोन-तीन दिवस थांबून लावणं हा घरच्या वापराला योग्य असा मधला मार्ग आहे. कायमचं बंद करून ठेवणं चूक.

मग विंडोज ११ का टाकता येत नाही?

विंडोज ११ हे ५ ऑक्टोबर २०२१ ला आलं, आणि १० चालणाऱ्या अनेक यंत्रांना ते मोफत मिळतं. पण त्याच्या अटी आहेत. ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी साठवण या किरकोळ. खऱ्या अडचणी दोन.

पहिली टीपीएम २.०. ही चिप, किंवा प्रोसेसरमध्येच असलेली तशी सोय, गुप्त किल्ल्या सांभाळते. कार्यालयाचा गोल शिक्का कपाटात असतो, तसं समजा. शिक्का बाहेर नेऊ देत नाहीत. कागद आत जातो, उमटवून परत येतो. टीपीएम तसंच किल्ली बाहेर न देता तिचं काम करून देतं, म्हणून सिस्टिममध्ये चोर शिरला तरी किल्ली त्याच्या हाती लागत नाही. गंमत म्हणजे अनेक कॉम्प्युटरांत ही सोय असते, पण बायोसमध्ये, म्हणजे यंत्राच्या मूळ सेटिंगमध्ये, बंद करून ठेवलेली असते. मायक्रोसॉफ्टचं ‘पीसी हेल्थ चेक’ हे मोफत साधन “चालणार नाही” म्हणालं, तर ते कारण काय देतंय हे वाचा. टीपीएमचं कारण असेल तर यंत्र भंगारात जाण्याआधी ते सेटिंग तपासून घ्या.

दुसरी अडचण प्रोसेसरची, आणि ती सेटिंगने सुटत नाही. इंटेलचा साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा प्रोसेसर लागतो. त्या पिढीचे प्रोसेसर २०१७ पासून येऊ लागले. एएमडीमध्ये रायझन २००० मालिकेपासून पुढचे बहुतेक चालतात. इंटेलची पिढी ओळखणं सोपं आहे. आय५-६५०० मधला आडव्या रेघेनंतरचा ६ म्हणजे सहावी पिढी, आय५-१०४०० म्हणजे दहावी. मावशीचा सहावीतला. नापास.

अट चुकवून ११ टाकण्याच्या युक्त्या इंटरनेटवर ढिगाने आहेत, आणि जुने लॅपटॉप विकणारी काही दुकानं तसं करून “विंडोज ११ आहे” म्हणून विकतातही. अशा यंत्रांना पुढची अपडेट मिळतील याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. ज्या ठिगळांसाठी एवढा खटाटोप, तीच बेभरवशाची. जुना लॅपटॉप घेताना पडद्यावर ११ दिसतंय एवढ्यावर जाऊ नका, प्रोसेसरचा आकडा वाचा.

“हा नवीन कॉम्प्युटर विकण्याचा डाव नाही का?”

पूर्ण डाव नाही, पण कंपनीला निर्दोषही म्हणता येणार नाही, असं माझं मत आहे. दहा वर्षं सेवा देण्याचा शब्द पाळला गेला. विंडोज एक्सपी २००१ ते २०१४ चाललं, विंडोज ७ साधारण दहा वर्षं, २०२० पर्यंत. टीपीएमची अटही समजू शकते.

प्रोसेसरची यादी मात्र मला पटत नाही. सातव्या पिढीच्या कितीतरी यंत्रांत टीपीएम २.० आहे, तरी ती बाहेर ठेवली. त्याच पिढीतला एक प्रोसेसर, आय७-७८२०एचक्यू, नंतर निवडक यंत्रांपुरता यादीत घेतला गेला. हा प्रोसेसर मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या सरफेस स्टुडिओ २ मध्ये होता. स्वतःच्या यंत्रासाठी दार किलकिलं करता येतं, तर इतरांसाठी का नाही? कॅनालिस या बाजार-अभ्यास करणाऱ्या कंपनीने २०२३ मध्ये अंदाज मांडला होता की या बदलामुळे सुमारे २४ कोटी कॉम्प्युटर कचऱ्यात जाऊ शकतात. चालत्या यंत्रांचा हा ढीग डोळ्यांपुढे आणला की मला वाईट वाटतं.

संथ आहे म्हणजे म्हातारा झाला असं नाही

“तसाही फार हळू झालाय गं.” हे वाक्य मी अनेक घरांत ऐकलं आहे, आणि नवीन खरेदीचं खरं कारण बरेचदा तेच असतं. पण संथपणाचा विंडोजच्या मुदतीशी संबंध नाही. त्या काळातल्या बहुतेक कॉम्प्युटरांत फिरती हार्ड डिस्क आहे. आत तबकडी मिनिटाला ५४०० किंवा ७२०० वेळा फिरते आणि एक सुई माहिती शोधत पुढेमागे सरकते. प्रत्येक शोधाला साधारण दहा मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाला जेमतेम शंभर शोध. कॉम्प्युटर सुरू होताना तर हजारो बारीक फाइली मागितल्या जातात. एसएसडी या नव्या प्रकारच्या डिस्कमध्ये फिरणारं काहीच नसतं, ती सेकंदाला हजारो शोध सहज करते.

मावशीच्या यंत्रात एसएसडी बसवली आणि रॅम ४ जीबीची ८ केली. खर्च नव्या कॉम्प्युटरच्या मानाने अगदी थोडा. आधी तो सुरू व्हायला लागायचा तेवढ्या वेळात तिचा चहा उकळून व्हायचा. आता ती आधण ठेवून येते, तोवर तो तयार असतो.

एका वर्षाची सवलत

ज्यांना लगेच काही बदलायचं नाही त्यांच्यासाठी मायक्रोसॉफ्टने सुरक्षा अपडेटची वाढीव मुदत जाहीर केली, घरगुती वापरासाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत. ३० डॉलर भरा, किंवा मायक्रोसॉफ्टच्या खात्याने आत येऊन सेटिंगांची प्रत त्यांच्याकडे ठेवा आणि ही वाढीव मुदत फुकट घ्या. आधी विंडोज १० ची शेवटची आवृत्ती, २२एच२, असायला हवी. नोंदणीचा दुवा सेटिंगमधल्या विंडोज अपडेटच्या पानावर दिसतो.

हे खाते स्वतःच्याच ई-मेलने उघडा. दुरुस्तीवाले घाईत स्वतःच्या ई-मेलने काम उरकतात. नव्या विंडोज ११ यंत्रांत डिस्कला आपोआप कुलूप लागू शकतं आणि त्याची ४८ अंकी किल्ली त्या खात्यात जाऊन बसते. उद्या कॉम्प्युटरने ती मागितली, तर तुमचेच फोटो पाहायला तुम्हाला त्या माणसाला शोधत फिरावं लागेल.

फुकट विंडोज ‘क्रॅक’ करून देतो म्हणणाऱ्यालाही नकोच म्हणा. कुलूप तोडणारा तो प्रोग्राम सिस्टिमचे सगळे अधिकार मागतो, आणि आपण ते अनोळखी माणसाला देतो.

लिनक्स ही फक्त इंजिनिअरांची गोष्ट नाही

लिनस टॉरवाल्ड्स या फिनलंडमधल्या विद्यार्थ्याने १९९१ मध्ये लिनक्सचा गाभा लिहायला घेतला. आज प्रत्येक अँड्रॉइड फोनच्या पोटात तोच गाभा आहे, म्हणजे लिनक्स आपण रोज खिशात बाळगतो. केरळच्या सरकारी शाळांत मुलं अनेक वर्षं त्यावरच शिकत आहेत. कॉम्प्युटरसाठी ‘लिनक्स मिंट’ नावाचा अवतार आहे. त्याची मांडणी विंडोजच्या सवयीची आहे, तो मोफत आहे, आणि सहाव्या पिढीचं यंत्र त्याला भरपूर होतं. पेनड्राइव्हवर घेऊन, मूळ काहीही न पुसता, चालवून पाहता येतो. प्रिंटर चालतो का, आवाज येतो का, हे आधीच कळतं.

पण तो सगळ्यांना चालणार नाही. टॅलीवर दुकानाचा हिशेब असेल, ई-निविदेसाठी डिजिटल सहीचं टोकन लावावं लागत असेल, तर विंडोजवरच राहा. त्यांच्यासाठी नवीन यंत्र हा वायफळ खर्च नाही.

आणि मराठी फाइली?

याबद्दल कोणी बोलत नाही, आणि आपल्याकडे घोळ नेमका इथेच होतो. मावशीचे १९९९ पासूनचे लेख जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये आहेत. त्या काळी मराठी अक्षरांना स्वतःचे क्रमांक नव्हते, निदान घरच्या कॉम्प्युटरांत वापरात नव्हते. म्हणून फॉन्ट बनवणाऱ्यांनी इंग्रजी अक्षरांच्या क्रमांकांवर देवनागरी आकार चढवले. कॉम्प्युटरच्या लेखी तिथे इंग्रजी अक्षरं आणि चिन्हंच असतात, फॉन्ट त्यांना मराठी मुखवटा घालतो. फॉन्ट गेला की मुखवटा गळतो आणि पानभर निरर्थक चिन्हं उरतात. युनिकोडमध्ये प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा कायमचा क्रमांक आहे, म्हणून तो मजकूर विंडोज, लिनक्स, फोन सगळीकडे वाचता येतो.

जुन्या यंत्राला निरोप देण्याआधी तीन कामं केलेली बरी. जुन्या फॉन्टच्या फाइली जपून ठेवा. लिनक्सवरही बहुतेक फॉन्ट बसवता येतात, जुना टायपिंगचा प्रोग्राम मात्र तिथे चालेल असं धरू नका. प्रत्येक लेखाची पीडीएफ करा, म्हणजे निदान डोळ्यांनी वाचता येईल. आणि मग मजकूर युनिकोडमध्ये बदलून घ्या, त्यासाठी रूपांतर करणारी साधनं मिळतात. युनिकोड टायपिंगसाठी इनस्क्रिप्ट कळफलक विंडोजमध्ये आहे आणि लिनक्समध्येही.

मावशीने लिनक्स मिंट आठवडाभर पेनड्राइव्हवरून वापरून पाहिला आणि मग ठेवून घेतला. तिच्या ९७ लेखांचं रूपांतर एका संध्याकाळी झालं. पण साधनाने काही ठिकाणी ‘दुसऱ्या’मधला र भलतीकडे नेला होता, काही ठिकाणी पोटफोड्या ष चा प केला होता. आता ती रोज जेवणानंतर लाल पेन्सिल घेऊन बसते, छापील अंक शेजारी ठेवते आणि दोन-दोन लेख तपासते. काल २००४ च्या दिवाळी अंकापर्यंत पोचली होती.